आठ किलोमीटर धाव, आठ थांबे

गोरेगावच्या नेस्को संकुलातील बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये एरवी यंत्रसामग्रीची, नाहीतर फर्निचरची प्रदर्शने भरतात. ३ मे २०२५ रोजी मात्र तेथे वेगळेच दृश्य होते. बँकेतील अधिकारी, सॉफ्टवेअर अभियंते, डॉक्टर, गृहिणी आणि महाविद्यालयीन तरुण-तरुणी सभागृहात धावत होते, लोखंडी घसरगाड्या ढकलत होते आणि खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन गुडघे टेकवत पुढे सरकत होते. ‘हायरॉक्स’ या जर्मनीत जन्मलेल्या शर्यतीचा हा भारतातील पहिला प्रयोग. त्याच वर्षी जुलैत दिल्लीतही ती झाली आणि पाहता पाहता मुंबई-पुण्यातील व्यायामशाळांच्या फलकांवर ‘हायरॉक्सची तयारी करून मिळेल’ अशा पाट्या झळकू लागल्या. शिकवणी वर्गांची सवय असलेल्या आपल्या शहरांना हे नवे नाही. तथापि, या शर्यतीत नेमके काय करावे लागते, तिच्यात कशाचा कस लागतो आणि सामान्य नोकरदाराने तिच्या वाटेला जाताना कोणती काळजी घ्यावी, याविषयी उत्साहाच्या मानाने माहिती तोकडी आहे.

हॅम्बुर्गहून गोरेगावपर्यंत

हायरॉक्सची कल्पना २०१७ सालची. सहनशक्तीच्या स्पर्धा भरविण्याचा दीर्घ अनुभव असलेले ख्रिश्चन टोएट्झके आणि हॉकीपटू मोरिट्झ फ्युर्स्टे या दोघांनी ती प्रत्यक्षात आणली आणि २०१८ मध्ये हॅम्बुर्ग येथे पहिली स्पर्धा झाली. फ्युर्स्टे हे नाव भारतीय हॉकीरसिकांना परके नाही. बीजिंग २००८ आणि लंडन २०१२ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळविणारा हा खेळाडू २०१३ च्या पहिल्या हॉकी इंडिया लीगमध्ये रांची ऱ्हायनोजचा कर्णधार होता आणि त्या वर्षीचे विजेतेपदही याच संघाने पटकावले होते.

दोघांचा विचार सरळ होता. जगभर कोट्यवधी लोक व्यायामशाळेत जातात. पण धावणाऱ्याला जशी मॅरेथॉन, सायकलवाल्याला जशी शर्यत, तशी या मंडळींना स्वतःची स्पर्धा नाही. अमेरिकेत क्रॉसफिटने ही उणीव आधीच काही प्रमाणात भरून काढली होती. त्यांची सर्वांना खुली असलेली ‘ओपन’ स्पर्धा २०११ पासून सुरू आहे. मात्र क्रॉसफिटमध्ये कोणता व्यायाम करावा लागणार, हे ऐनवेळी जाहीर होते आणि त्यात ऑलिम्पिक पद्धतीचे भारोत्तोलन, दोरीवरची चढाई, हातांवर उभे राहणे अशी वर्षानुवर्षे घोटून घ्यावी लागणारी कौशल्ये असतात. हायरॉक्सने नेमका उलटा मार्ग धरला. प्रश्नपत्रिका आधीच फोडलेली. जगात कोठेही जा, अंतर तेच, वजन तेच, क्रम तोच आणि शर्यत छपराखाली, त्यामुळे पाऊस-वाऱ्याचीही सबब नाही. मुंबईतील कारकुनाने आपली वेळ लंडनमधील कारकुनाच्या वेळेशी ताडून पाहावी, एवढी ही समानता आहे. या शर्यतीच्या लोकप्रियतेचे बरेचसे रहस्य त्यातच दडलेले आहे.

काय करावे लागते?

एक किलोमीटर धावायचे, एक व्यायाम पुरा करायचा, पुन्हा एक किलोमीटर धावायचे, पुढचा व्यायाम. असे आठ वेळा. व्यायामाच्या जागेला येथे सोयीसाठी ‘थांबा’ म्हटले असले, तरी तेथे विसावा नसतो. घड्याळ अखंड चालू असते.

पहिल्या थांब्यावर बर्फावरील स्कीइंगच्या हालचालींची नक्कल करणाऱ्या यंत्रावर दोन्ही हातांनी दोर खाली ओढत १००० मीटर पुरे करायचे असतात. दुसरा थांबा घसरगाडी, म्हणजे स्लेड, ढकलण्याचा. खुल्या गटातील पुरुषांसाठी गाडीसह १५२ किलो आणि महिलांसाठी १०२ किलो वजन, अंतर ५० मीटर. तिसऱ्या थांब्यावर तशीच गाडी दोराने स्वतःकडे ओढायची, पुरुषांना १०३ किलो आणि महिलांना ७८ किलो. चौथा ८० मीटरचा ‘बर्पी ब्रॉड जंप’: जमिनीला छाती टेकवायची, उठायचे आणि दोन्ही पायांवर लांब उडी घ्यायची, असे करीतच अंतर कापायचे. पाचव्या थांब्यावर रोइंग यंत्रावर १००० मीटर वल्हवायचे. सहाव्यावर दोन्ही हातांत वजने घेऊन २०० मीटर चालायचे, पुरुषांना प्रत्येक हातात २४ किलो, महिलांना १६. सातव्यावर खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन लंजेस, म्हणजे दर पावलाला मागचा गुडघा जमिनीला टेकवीत १०० मीटर जायचे. पिशवी पुरुषांना २० आणि महिलांना १० किलोंची. शेवटचा थांबा ‘वॉल बॉल’चा. पूर्ण बैठक मारून उठता उठता जड चेंडू उंचावरील लक्ष्यावर फेकायचा आणि झेलून पुन्हा बैठक, असे शंभर वेळा. पुरुषांचा चेंडू ६ किलोंचा व लक्ष्य ३ मीटरवर, महिलांचा ४ किलोंचा व लक्ष्य २.७० मीटरवर.

अधिक तयारीच्या खेळाडूंसाठी ‘प्रो’ गट आहे. त्यात पुरुषांना ढकलगाडीचे वजन २०२ किलोंवर जाते. उलट, एकट्याने सारे पेलण्याची धास्ती वाटणाऱ्यांना जोडीने उतरता येते. जोडीदार धावतात बरोबरीने, मात्र थांब्यावरचे काम आपसांत वाटून घेतात. चौघांच्या रिले संघात प्रत्येकाच्या वाट्याला दोन किलोमीटर आणि दोन थांबे येतात. एकट्याच्या खुल्या गटासाठीही पात्रता फेरी नाही. नोंदणी मिळाली आणि प्रवेशशुल्क भरले की झाले. हे शुल्क शहरातील नेहमीच्या धावण्याच्या शर्यतींपेक्षा बरेच अधिक असते, हेही नमूद केले पाहिजे.

यादी वाचून कोणाही मराठी माणसाला तालमीची आठवण व्हावी. बैठका आपल्याकडे शेकड्यांनी मोजल्या जात, जोर मारून छाती जमिनीलगत नेण्यासाठी कोणाला इंग्रजी नाव लागले नव्हते आणि मशीद बंदरच्या माथाडी कामगाराला खांद्यावरचे ओझे घेऊन चालण्याची शिकवणी कोणी दिली नव्हती. फरक इतकाच, की तालमीतला गडी बैठका मारून झाल्यावर किलोमीटरभर धावायला जात नसे. हायरॉक्सची सारी गोम या जोडणीत आहे.

वेळ कोठे जातो

नवख्या स्पर्धकाची सर्वाधिक गल्लत येथेच होते. घसरगाडीच्या चित्रफिती पाहून तो ताकदीच्या मागे लागतो, महिनोन्महिने वजने उचलतो आणि शर्यतीच्या दिवशी चौथ्या किलोमीटरला चालू लागतो. साधे गणित मांडून पाहावे. किलोमीटरला सहा मिनिटे लावणारा हौशी स्पर्धक केवळ धावण्यात ४८ मिनिटे घालवतो. थांब्यांवर सरासरी पाच मिनिटे धरली तर ४० मिनिटे होतात आणि धावपट्टीवरून थांब्यावर जाण्या-येण्यात आणखी सहा-सात मिनिटे जातात. एकूण बेरीज सुमारे ९५ मिनिटे; हौशी मंडळींच्या दृष्टीने ही समाधानकारक वेळ. म्हणजे निम्म्याहून अधिक काळ माणूस धावतच असतो. धावण्याचा वेग किलोमीटरमागे वीस सेकंदांनी सुधारला, तर आठ किलोमीटरांत २ मिनिटे ४० सेकंद वाचतात. तेवढाच वेळ एकट्या स्लेडवर वाचवायचा, तर बहुतेकांना पायांतील ताकद कितीतरी पटींनी वाढवावी लागेल.

अर्थात, हे धावणे बागेतल्या धावण्यासारखे नव्हे. स्लेड ढकलल्यावर मांड्या भरून येतात आणि पुढचे तीन-चारशे मीटर पाय आपले नसल्यासारखे वाटतात. दमलेल्या पायांनी लय परत मिळविणे, हे स्वतंत्र कसब आहे आणि ते सरावानेच येते. म्हणूनच जाणते प्रशिक्षक ताकद आणि धाव निरनिराळ्या दिवशी करून घेतातच. शिवाय आठवड्यातून एकदा दोन्हींची सांगड घालतात. उदाहरणार्थ, एक किलोमीटर धाव, लगेच पन्नास मीटर लंजेस, पुन्हा एक किलोमीटर. अशा चार फेऱ्या नवख्याला पुरे होतात. संपूर्ण शर्यतीची रंगीत तालीम दर आठवड्याला घडविणारे वर्गही निघाले आहेत. त्यातून घाम निघतो आणि व्यायामशाळेचे शुल्कही वसूल होते. परंतु शरीराला सावरायला अवधी मिळत नाही.

बारा ते सोळा आठवडे

जो आज सलग पाच किलोमीटर धावू शकतो आणि ज्याला बैठकांची सवय आहे, त्याला तीन ते चार महिन्यांची तयारी पुरते. जो धावूच शकत नाही, त्याने नोंदणी पुढच्या वर्षावर ढकललेली बरी. आठवड्यातून चार ते पाच दिवस, एवढी गुंतवणूक गृहीत धरावी. त्यात एक दिवस तास-सव्वा तासाची संथ धाव, इतकी संथ की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. बहुतेकांना हाच भाग कंटाळवाणा वाटतो आणि नेमका तोच टाळला जातो. परंतु हृदयाची आणि स्नायूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता घडते ती याच धावण्याने. एक दिवस वेगाच्या फेऱ्या, दोन दिवस ताकद आणि एक दिवस वर सांगितलेली सांगड.

ताकदीच्या दिवशी बैठक, डेडलिफ्ट, लंजेस आणि ओढण्याचे व्यायाम यांवर भर असावा. पकडीकडे लक्ष द्यावे. सहाव्या थांब्यावर खांदे नव्हेत, बोटे हार मानतात. त्यासाठी महागडे साधन लागत नाही. दोन जड डंबेल्स घेऊन लांब फेऱ्या माराव्यात.

शहरांतील अडचण आहे ती जागेची. स्लेड ढकलण्यास पुरेशी लांब पट्टी आणि तिच्यावरील गालिचा असलेल्या व्यायामशाळा मोजक्या. गालिच्याचा प्रकार बदलला की घर्षण बदलते. त्यामुळे गुळगुळीत रबरी फरशीवर दोनशे किलो सहज ढकलणारा पठ्ठा स्पर्धेच्या गालिच्यावर दीडशेला अडखळतो. ज्याला स्लेड उपलब्धच नाही, त्याने चढावर धावण्याचा आधार घ्यावा. पुणेकरांना वेताळ टेकडी आहे, पर्वतीच्या पायऱ्या आहेत. मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीचा रस्ता आहे. पुढे झुकून, पावले आखूड ठेवून चढ चढताना मांड्यांवर येणारा ताण स्लेडच्या बराच जवळ जातो. वॉल बॉलचा चेंडू नसेल, तर हलक्या दांड्याने बैठक मारून उठता उठता तो डोक्यावर नेण्याचा व्यायाम चालतो. स्की यंत्राला मात्र तितका चांगला पर्याय नाही. रबरी पट्ट्यांनी हालचाल तेवढी अंगवळणी पडते.

मुंबईची दमट हवा हाही तयारीचा भाग मानावा लागतो. हवेत बाष्प अधिक असले की घाम येतो, पण वाळत नाही आणि अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सहाला बाहेर पडूनही नाडीचे ठोके नेहमीपेक्षा चढे दिसतात. अशा दिवसांत घड्याळातील वेगाचा हट्ट सोडून दमानुसार धावणेच शहाणपणाचे. शेवटच्या आठ-दहा दिवसांत व्यायामाचे प्रमाण निम्म्यावर आणावे. राहिलेली कसर या दिवसांत भरून काढता येत नाही.

ताटात काय असावे

या विषयावर पूरक डब्यांच्या जाहिरातींनी बराच गोंधळ माजविला आहे. दीड तासाच्या या श्रमाचे मुख्य इंधन पिष्टमय पदार्थ आहेत. भात, पोळी, भाकरी, पोहे यांना घाबरण्याचे कारण नाही. नियमित व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.४ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. सत्तर किलोंच्या माणसाला हा आकडा शंभराच्या आसपास जातो आणि आपली शाकाहारी थाळी येथे कमी पडते. वाटीभर पातळ वरणाने ही तूट भरून निघत नाही. उसळी, दही, पनीर, सोयाबीन आणि चालत असल्यास अंडी व मासे यांचे प्रमाण जाणीवपूर्वक वाढवावे लागते. डब्यातील पूड ही सोय आहे, गरज नव्हे.

स्पर्धेच्या आदल्या रात्री नेहमीचा वरण-भात आणि सकाळी शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी पोहे, केळे असा हलका आहार उत्तम. त्या दिवशी कोणताही नवा पदार्थ किंवा पाकिटातील नवी जेली पोटात ढकलू नये.

दुर्लक्ष न करण्याजोग्या खुणा

व्यायामाने हृदयविकाराचा धोका दीर्घकाळात कमी होतो, हे निर्विवाद आहे. मात्र, अतिश्रमाच्या त्या तास-दीड तासात तो तात्पुरता वाढतो आणि ज्याला श्रमाची सवय नाही, त्याच्या बाबतीत ही वाढ सर्वाधिक असते. त्यातच दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार इतरांच्या मानाने कमी वयात गाठतो. तेव्हा चाळिशीकडे झुकलेल्या, वडिलांना किंवा भावाला लवकर हृदयविकार झालेल्या, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा धूम्रपानाची पार्श्वभूमी असलेल्या व्यक्तीने नोंदणीपूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. विश्रांतीच्या स्थितीत काढलेला ईसीजी सरळ आला म्हणून निर्धास्त होऊ नये. रक्तवाहिन्यांतील अडथळे त्यात पुष्कळदा दिसत नाहीत. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, श्रम करताना भोवळ, नेहमीच्या वेगाला अकारण लागणारी धाप, यांपैकी काहीही जाणवल्यास तेथेच थांबावे. ‘ॲसिडिटी असेल’ हे आपल्या घराघरांतील वाक्य येथे जिवावर बेतू शकते. अंगात ताप असताना व्यायाम करणे हाही जीवघेणा खेळ आहे, कारण विषाणुसंसर्गात हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते.

दुसरा धोका कमी परिचित आहे. सवय नसताना एकाच दिवशी शेकडो बैठका किंवा लंजेस केल्या, तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणात फुटतात. त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर आघात करतात. वैद्यकशास्त्रात यास ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. नेहमीचे अंग दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते. पण दुखणे असह्य असेल, स्नायू सुजून टणक झाले असतील आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. वेळीच सलाइन सुरू झाल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. स्पर्धेपूर्वी वेदनाशामक गोळी घेऊन उतरण्याची खोड काहींना असते. इब्युप्रोफेनसारखी औषधे, शरीरातील पाणी घटलेले असताना, मूत्रपिंडांना अपायकारक ठरतात. ती सवय सोडावी.

घोट्यावरची चिप

स्पर्धकांना ठरावीक अंतराने तुकड्यातुकड्यांनी सोडले जाते. घोट्याला बांधलेली इलेक्ट्रॉनिक चिप प्रत्येक किलोमीटरची आणि प्रत्येक थांब्याची वेळ टिपते. सभागृहाच्या आकारानुसार एका किलोमीटरसाठी दोन-तीन किंवा अधिक फेऱ्या माराव्या लागतात आणि त्यांचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी स्पर्धकाची असते. दमलेल्या मेंदूला तीनपर्यंतचे आकडेही चकवतात. फेरी कमी पडली तर वेळेचा दंड होतो. काहीजण म्हणून दर फेरीला मनगटावरचा रबरी पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेतात.

थांब्यांवर पंच उभे असतात. वॉल बॉलला बैठक पुरेशी खोल गेली नाही किंवा चेंडू लक्ष्याखाली आदळला, तर तो फटका मोजला जात नाही. ऐंशी फटके झाल्यावर असे पाच-सहा फटके बाद होणे हा अनुभव मोठा कटू असतो. घाईने दहा मारून बाद होण्यापेक्षा वीस-वीसचे गट पाडून मध्ये चार श्वास घेणारा लवकर सुटतो.

पहिला किलोमीटर मात्र सर्वांचाच घात करतो. संगीताचा दणदणाट, मित्रांच्या आरोळ्या आणि विश्रांती घेतलेले पाय यांमुळे सहा मिनिटांचा माणूस पाच मिनिटांत पल्ला गाठतो आणि त्याची फेड पुढे लंजेसच्या शंभर मीटरमध्ये करतो. पहिले दोन किलोमीटर ठरविलेल्या वेगापेक्षा दहा-पंधरा सेकंद सावकाश धावणे, स्लेडवर सुरुवातीपासून छोटे टप्पे घेणे आणि थांब्यावरून निघताना उभे न राहता चालत राहणे, एवढे पाळले तरी पहिल्या स्पर्धेत पुष्कळ साधते.

शर्यत संपल्यावर स्पर्धकाला एकूण वेळेबरोबर प्रत्येक धाव, प्रत्येक थांबा आणि मधल्या ये-जा पट्ट्यात गेलेला वेळ यांचा स्वतंत्र तक्ता मिळतो. या पट्ट्याला संयोजक ‘रॉक्सझोन’ म्हणतात. पाणी पिताना, गुडघ्यांवर हात टेकून वाकताना, पुढचा थांबा कोठे आहे हे शोधताना गेलेली सारी मिनिटे त्याच रकान्यात जमा झालेली असतात आणि पहिल्यांदा उतरलेल्यांपैकी अनेकांना तो आकडा स्लेडच्या वेळेहून मोठा दिसतो.